ट्रेलरवरून नेता येईल अशी छोटी शिडाची बोट घ्यायची आहे. कील (तळाचं पातं) कोणती घ्यावी?

एसेक्सवासी
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये राहतो. क्लबच्या डिंग्या (छोट्या उघड्या शिडाच्या बोटी) चालवून हात बसला आहे. आता स्वतःची, छोटीशी केबिन असलेली जुनी फायबरची बोट घ्यायचा विचार पक्का केलाय. लांबी 20 ते 22 फूट, म्हणजे आम्ही दोघं आणि दोन मुलं (वय 8 आणि 11) एखादी रात्र तरी आत झोपू शकू.

घरापासून मॉल्डन जवळ आहे, म्हणजे ब्लॅकवॉटर नदीची खाडी. उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ओहोटीला वरच्या भागात नुसता चिखल उरतो. बोट घरासमोर ट्रेलरवर ठेवावी, वाटेल तेव्हा गाडीला जोडून न्यावी, कधी नॉरफोक ब्रॉड्सला (नद्या आणि उथळ तळ्यांचा भाग), कधी लेक डिस्ट्रिक्टला, असं मनात आहे. गाडी 1,500 किलो ओढू शकते.

तीन बोटी पाहिल्यात:
जॅग्वार 22, स्विंग कील.
कॉरिबी 21, बिल्ज कील.
हर्ली 22, फिन कील (मधे एकच, न हलणारं खोल पातं).

तिन्ही आवडल्या, पण गाडी कीलवर अडली आहे. ज्यांनी वापरल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टेक्सासचा_तात्या
स्विंग कील. दुसरा विचारच करू नका.

तुमची जॅग्वार 22 म्हणजे आमच्याकडची कॅटलिना 22. फ्रँक बटलर यांचं डिझाइन, इथे 1969 पासून बनायला लागली आणि 15,000 च्या वर बोटी पाण्यात उतरल्या. जॅग्वार हे तिचंच ब्रिटिश रूप, तुमच्याच एसेक्समधल्या कॅनव्ही बेटावर बनलेलं. जुन्या कॅटलिनाची कील बिडाची, साधारण 250 किलोची. केबिनच्या पायरीखाली हातानं फिरवायची विंच असते. कील खाली सोडली की ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते) पाच फूट, वर घेतली की दोन फूट. गॅल्व्हस्टनची खाडी सरासरी दोन-तीन मीटरच खोल. तिथे ही बोट कुठेही घुसते, आणि खाली वाळू लागली तर कील आपोआप मागे झुलते. आठवड्याच्या शेवटी ट्रेलरवर घेऊन तळ्यावर जायचं म्हटलं तरी हीच कामाला येते.

पुणेरी_पाल
वाचतोय. खडकवासल्याच्या काठावर राहूनही कील म्हणजे नक्की काय ते ठाऊक नाही. बोट तर तशीही तरंगते, मग खाली एवढं लोखंड कशाला?

दर्यावर्दी
@पुणेरी_पाल, चांगला प्रश्न. कील दोन कामं करते आणि या धाग्यातली सगळी भांडणं त्या दोन कामांवरूनच होणार आहेत.

पहिलं काम, वजन. शिडावर वारा आला की बोट कलते. तळाला शिसं किंवा बीड असलं की तळाशी वजन ठेवलेल्या डोलणाऱ्या बाहुलीसारखी ती परत उभी राहते. वजन जितकं खोल तितका त्याचा जोर जास्त.

दुसरं काम, आडवं न सरकणं. वारा समोरून तिरका येत असताना बोट पुढे जाण्याऐवजी बाजूला वाहत जाते. पाण्यात उभं पातं असलं की ते सरकणं अडतं. इथेही पातं खोल आणि अरुंद असेल तर ते विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि बोट वाऱ्याच्या तोंडाकडे जास्त चढू शकते.

म्हणजे दोन्ही कामांना खोल कील हवी. आणि ट्रेलरला, रॅम्पला (बोट पाण्यात उतरवायच्या उताराला), चिखलाला उथळ हवी. फिन, बिल्ज, स्विंग हे सगळे प्रकार या ओढाताणीतून निघालेत.

पुणेरी_पाल
वा, डोक्यात प्रकाश पडला. शनिवारी संध्याकाळी धरणाच्या रस्त्यावर ट्रेलर नेला, तर कील खाली सोडायची वेळ सोमवारी सकाळी येईल. :-)

सोलेंटची_सखू
एसेक्सवासी, मी चिचेस्टर हार्बरच्या बाजूला बिल्ज कील चालवते, त्यामुळे त्या बाजूने बोलते.

बिल्ज कील म्हणजे तळाला मध्यभागी एक पातं असण्याऐवजी दोन्ही अंगांना एकेक आखूड पातं. ब्रिटिश किनाऱ्यावर हा प्रकार इतका रुजला याचं कारण इथली भरती-ओहोटी. लॉर्ड रिव्हरडेल यांनी 1920 च्या दशकातच दोन कीलची बोट बांधून प्रयोग सुरू केले होते. पुढे 1969 मध्ये वेस्टर्ली सेंटॉर आली, 26 फुटी, आणि तिच्या 2,000 च्या वर बोटी विकल्या गेल्या. ती ट्रेलरची नव्हे, पण घराघरात बिल्ज कील पोचली ती तिच्यामुळे.

पाणी उतरलं की माझी बोट दोन पायांवर सरळ उभी राहते. चहाचा कप टेबलावरून हलत नाही. मुलं शिडी लावून खाली उतरतात, खेकडे शोधतात. सहा तासांनी पाणी येतं, आपण निघतो. आणि सुकणारी मूरिंग, म्हणजे ओहोटीला कोरडी पडणारी बोट बांधायची जागा, पाण्यात राहणाऱ्या मूरिंगपेक्षा बरीच स्वस्त असते. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला याहून चांगलं काय?

टेक्सासचा_तात्या
सखूताई, चहाचं मान्य. पण बिल्ज कील वाऱ्याकडे चढत नाही हो! पाण्यात घासणारा पृष्ठभाग दुप्पट. वारा मंद असेल तेव्हा तुम्ही चहाच पीत बसणार.

सोलेंटची_सखू
तात्या, जुन्या बोटींबद्दल तुमचं थोडं खरं आहे. पण बोट कलली की वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची कील पाण्यात अधिक उभी होते आणि जास्त काम करते, हेही लक्षात घ्या. नंतरच्या डिझाइनमध्ये, उदाहरणार्थ डेव्हिड थॉमस यांनी हंटर कंपनीसाठी केलेल्या बोटींत, फिन आणि बिल्ज यांच्या वेगातला फरक क्लबच्या शर्यतीतच कळावा इतका कमी राहिला. कुटुंबाला घेऊन तुमच्या खाडीतल्या ओझी बेटाला वळसा घालायचा तर तो फरक मोजणार कोण?

खरा त्रास दुसरा आहे. बोट जास्त कललेली नसताना छोट्या लाटेवर दोन कीलच्या मधे पाणी आपटतं आणि धप्प आवाज येतो. रात्री नांगरावर झोपताना पहिल्यांदा तो ऐकला की माणूस दचकतो.

मालवणी_शीड
अवांतर करतंय, माफी असावी.

आमच्याकडे रापणीची होडी वाळूवर ओढून घ्यायची असते, त्यामुळे खाली पातं परवडतच नाही. मग तोल सांभाळायला उलांडी. होडीच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला लाकडाचा लांबट ओंडका. वजन खाली खोल घालण्याऐवजी आधार बाजूला दूर नेला. दर्यावर्दींनी वर सांगितलेली ओढाताण कोकणात अशी सुटली. होडी किनाऱ्यावर कुठे आणि कशी ठेवायची, यावरून तिचं बूड ठरलं. माझ्या मते एसेक्सवासींच्या प्रश्नाचं उत्तर याच दिशेला आहे.

दर्यावर्दी
शीडभाऊ, हे अवांतर नाहीच. धाग्याचा गाभा आहे.

फ्रीसलंडची_वहिनी
नेदरलँड्समधून लिहितेय. इथे वाडन समुद्रात पाणी उतरलं की मैलोन्‌मैल वाळू आणि चिखल उघडा पडतो, आणि मुद्दाम बोट कोरडी बसवून वाळूवर चालायला उतरणं हा इथल्या लोकांचा आवडता उद्योग. जुन्या डच बोटींना कील नसतेच. तळ सपाट आणि दोन्ही अंगांना पंख्यासारख्या लाकडी फळ्या, वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची खाली सोडायची. मॉल्डनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या जुन्या टेम्स बार्जना अशाच फळ्या आहेत, एसेक्सवासींनी रोज पाहिल्या असतील.

आता मुद्द्याचं. एसेक्सवासी, कील बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा: तुम्ही बोट ट्रेलरवरून खरोखर किती वेळा नेणार?

घरून निघायचं. रॅम्पवर रांग. डोलकाठी उभी करायची, तिच्या तारा ताणायच्या, बूम लावायचा, शीड चढवायचं, सुकाणू बसवायचं, इंजिन टांगायचं. दोन मोठी माणसं सरावलेली असली तरी 20-22 फुटी बोटीला तास-दीड तास सहज जातो. परत येताना तेवढाच, आणि तेव्हा मुलं दमलेली, भुकेली असतात. त्यात तुमच्या इथे रॅम्पला पाणी असायचे तास ठरलेले. सकाळी 11 ला भरती असेल तर साधारण नऊ ते एक या वेळात उतरायचं, आणि परत बाहेर काढायचं ते पुढच्या भरतीला, रात्री. हा हिशेब तळ्यावर बोट चालवणाऱ्यांना करावा लागत नाही.

इथे आसपास ज्यांनी ज्यांनी 'दर रविवारी ट्रेलरवरून' म्हणून बोट घेतली, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षी बोट पाण्यात ठेवून मोकळे झाले. ट्रेलर मग हिवाळ्यात घरी आणायला आणि वर्षातून एकदा लांबच्या सुट्टीला. म्हणून बोट उरलेले महिने कुठे उभी राहणार ते ठरवा. कील त्यावरून ठरेल.

कट्ट्यावरचा_कावळा
वहिनींच्या प्रतिसादाला साष्टांग अनुमोदन. वाचनखूण साठवली.

टेक्सासचा_तात्या
वहिनी, पटलं. आमच्या तळ्याला भरती-ओहोटी नाही. आमची अडचण उलटी, दुष्काळात लेक ट्रॅव्हिसची पातळी इतकी खाली जाते की रॅम्पच बंद होतात.

दर्यावर्दी
आता एक बारकाई, जी जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

तात्यांनी सांगितलं की जॅग्वार/कॅटलिना 22 ची स्विंग कील वर घेतल्यावर ड्राफ्ट दोन फूट. तो दोन फूट का? कारण कील पूर्णपणे बोटीच्या पोटात जात नाही. मागे झुलून तळाला समांतर होते, पण बरीचशी बाहेरच लोंबते. कॉरिबीच्या बिल्ज कीलचा ड्राफ्ट दोन फुटांहून थोडाच जास्त. म्हणजे उथळपणाच्या नावाखाली आपण ज्या दोघींची तुलना करतोय त्यांच्यात वर घेतलेल्या अवस्थेत फरक काही इंचांचाच!

आणि ओहोटीला काय होतं? बिल्ज कील दोन पायांवर उभी. जॅग्वार त्या एका बाहेर आलेल्या लोखंडावर टेकते आणि एका अंगाला कलते. मऊ चिखल असेल तर रुतून जमेल तशी बसते, कडक वाळू किंवा खडी असेल तर सगळा भार कीलच्या खिळीवर आणि विंचच्या केबलवर. रोज दोनदा. ट्रेलरच्या बोटीला हे परवडणारं नाही.

'लिफ्टिंग' या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी मोडतात. पार्कर 21 ची कील सरळ वर उचलली जाते. रेड फॉक्सला बाजूंना दोन पाती आहेत, वर घेतली की तळ मोकळा. कॉर्निश श्रिंपर 19 ला लांबट उथळ कील आणि तिच्यातून खाली येणारी प्लेट, ड्राफ्ट दीड फूट ते चार फूट. रॉजर डाँगरे यांचं 1979 चं डिझाइन, दिसायला देखणी, म्हणूनच किंमत उतरत नाही. ओहोटीला कोरडं बसायचं असेल आणि कील हलणारीच हवी असेल, तर पूर्ण आत जाणारी बघा.

एसेक्सवासी
अरे बापरे. दोन फुटांचं हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. दर्यावर्दी, मनापासून आभार. मग फिन बाद समजू का?

दर्यावर्दी
तुमच्या वापराला, हो. चालवायला फिन तिन्हींत सर्वांत गोड. वाऱ्याकडे छान चढते, हलतं काही नाही त्यामुळे देखभाल कमी. पण हर्ली 22 चा ड्राफ्ट साडेतीन फुटांच्या वर. ट्रेलरवर तेवढी उंच बसणार, म्हणजे रॅम्पवर ट्रेलर खोल पाण्यात घालावा लागणार, नाहीतर क्रेन. शिवाय वजन. ती पावणेदोन टनांच्या घरात जाते, त्यावर ट्रेलर. तुमची 1,500 वाली गाडी तिथेच संपली.

गाडीवान
ओढण्याबद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत.

ब्रिटनमध्ये 16 डिसेंबर 2021 पासून साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पूर्वी 1997 नंतर परीक्षा पास झालेल्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागायची. पण लायसन्सनं परवानगी दिली म्हणून गाडी ओढेल असं नाही. गाडीच्या पाटीवरचा आकडा अंतिम. नवख्या माणसाने ओढायचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं असा तिथला सल्ला आहे.

ट्रेलर 750 किलोच्या वर असेल तर ब्रेक सक्तीचे. रुंदी 2.55 मीटरपर्यंत चालते, या तिन्ही बोटी त्यात बसतात. मोटरवेवर 60 मैलांची मर्यादा आणि तीन लेन असतील तर उजवीकडची लेन वर्ज्य.

जॅग्वार साधारण एक टन. ट्रेलर साडेतीनशे-चारशे किलो. इंजिन, नांगर, साखळी, गाद्या, पाणी, मुलांचे डबे धरले की 1,500 ला टेकलाच. विकणाऱ्याच्या कागदावरचा आकडा रिकाम्या बोटीचा असतो, म्हणून घेण्याआधी वजनकाट्यावर सगळं जोडून वजन करा.

आणि खारं पाणी! ट्रेलर समुद्रात बुडवला की चाकांची बेअरिंग आणि ब्रेक खातात. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. हायवेवर बेअरिंग गेलं की चाक तापून निखळतं, ही गंमत नाही.

मालवणी_शीड
पाण्याचं वजन भरणाऱ्या बोटी असतात म्हणे, त्याचं काय? वाटेत हलकी, पाण्यात जड. युक्ती झकास वाटते.

टेक्सासचा_तात्या
मॅकग्रेगर 26 त्यातली प्रसिद्ध. 26 एक्समध्ये सुमारे 1,500 पौंड पाणी मावतं. रॅम्पवर उतरताना झडप उघडायची, टाकी भरते. वर काढताना पाणी आपसूक गळून जातं. 26 फुटांची बोट साध्या गाडीमागे ओढता येते, हे तिचं बलस्थान.

पण पाणी पाण्याइतकंच जड. शिशासारखं ते कीलच्या टोकाला नेता येत नाही, तळाशी टाकीत पसरलेलं राहतं. म्हणून सुरुवातीला बोट लवकर कलते, मग सावरते. आणि टाकी पूर्ण भरलेली हवी. रिकामी किंवा अर्धवट टाकी ठेवून वर माणसं बसवली तर ती बोट परत उभी राहील याचा भरवसा धरू नये. मुलं बरोबर असताना हे तपासल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

सोलेंटची_सखू
मुलांचा विषय निघाला म्हणून. स्विंग कील असेल तर खुल्या पाण्यात ती खाली सोडून अडकवायचा बोल्ट असतो, तो लावा. नाहीतर बोट फार कलली की कील उलटी आत झुलू शकते, आणि नेमकी गरज असताना वजन जागेवर नसतं. उथळ पाण्यात मात्र तोच बोल्ट सैल हवा, कारण आपटल्यावर कील मागे जायला हवी. वाळूचे बांध असलेल्या खाडीच्या तोंडाशी या दोन्ही गोष्टी दहा मिनिटांच्या अंतराने लागतात. बिल्जला ही कसरत नाही, आणि दोन लहान मुलांकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला एक काम कमी असणं मला फार मोलाचं वाटतं.

कट्ट्यावरचा_कावळा
मॉल्डन म्हणजे 991 सालच्या लढाईचं ना? नॉर्दी बेटावर व्हायकिंग उतरले होते आणि भरती ओसरून वाट उघडी पडेपर्यंत दोन्ही सैन्यं थांबून होती. त्या पाण्यात भरती-ओहोटीची वाट पाहायची परंपरा हजार वर्षांची आहे!

एसेक्सवासी
कावळेबुवा, तेच बेट. आजही ओहोटीला वाट उघडते.

वहिनींचा प्रश्न आम्ही दोघांनी रात्री बसून सोडवला. कॅलेंडर घेतलं, मे ते सप्टेंबरच्या भरतीच्या वेळा शनिवार-रविवारसमोर लिहिल्या. मुलांचं पोहणं, मराठी शाळा, पाहुणे वजा केले. रॅम्पवरून दिवसाउजेडी उतरून त्याच दिवशी वर काढता येईल असे रविवार फारच थोडे उरले. मूरिंगवर बोट असेल तर मात्र अर्धा दिवस मोकळा असला तरी पुरतो. क्लबकडे चौकशी केली, चिखलातली सुकणारी मूरिंग पुढच्या हंगामाला मिळू शकते.

म्हणजे कॉरिबी. हिवाळ्यात ट्रेलरवरून घरी, उन्हाळ्यात एकदा ब्रॉड्स. ब्रॉड्सच्या पाण्याला तिचा ड्राफ्ट चालेल ना?

दर्यावर्दी
नद्यांच्या मुख्य पात्रात निश्चिंत चालेल. कडेला आणि उथळ ब्रॉडमध्ये खुणेच्या काठ्या सोडून जाऊ नका. तिथे कीलपेक्षा पूल त्रास देतात. पॉटर हायमच्या जुन्या पुलाची कमान इतकी बुटकी आहे की डोलकाठी पाडूनही पुष्कळ बोटी जात नाहीत. डोलकाठी पटकन पाडता येईल अशी जोडणी आहे का ते बघा. आणि ब्रॉड्सचा टोल आधी भरा, पाहुण्या बोटींनाही तो लागतो.

बोट चांगली निवडलीत. प्रसिद्ध नाविक एलन मॅकआर्थर 1995 मध्ये एकटीने ब्रिटनभोवती फिरली ती कॉरिबीतूनच, तिच्या बोटीचं नाव 'इडूना'.

टेक्सासचा_तात्या
ओहोटीच्या गावात राहत असाल तर बिल्ज, हे मला मान्य. माझ्या तळ्यावर मी स्विंगच ठेवणार. :-) फोटो टाका घेतल्यावर.

एसेक्सवासी
नक्की. शनिवारी बघायला जातोय, बोट सध्या मूरिंगवर आहे. बिल्ज कीलमध्ये नेमकं काय तपासू?

सोलेंटची_सखू
ओहोटीच्या वेळेलाच जा, ती चिखलावर टेकलेली असताना. कील जिथे बोटीला मिळते तो सांधा चारी बाजूंनी बघा. केसासारख्या रेघा रंगात असतात, पण तडा आत गेला असेल तर गंजाचं तांबूस पाणी ओघळलेलं दिसतं. मग कोरडं असताना कीलचं टोक दोन्ही हातांनी जोर लावून बाजूला ढकला आणि दुसऱ्या माणसाला सांध्यावर बोट ठेवायला सांगा. जराही हललं तर तिथेच थांबा.

आत जाऊन बिछान्याखालचे कप्पे उघडा. कील बोल्टने बसवली असेल तर बोल्टभोवतीचा फायबर पांढुरका पडलाय का, खाली पाणी साठलंय का ते टॉर्चने बघा. दोन्ही कील सारख्या झिजल्यात का हेही पाहा. एकच जास्त झिजली असेल तर बोट वर्षानुवर्षं उतारावर बसत आलीय आणि त्या बाजूचा सांधा जास्त थकलेला असणार.

गाडीवान
आणि बोटीबरोबर ट्रेलर येत असेल तर त्याचं चाक उचलून हाताने फिरवून बघा. कीलखालच्या दोन फळ्या तिच्याच मापाच्या हव्यात. दुसऱ्या बोटीचा ट्रेलर गळ्यात मारत असतील तर किंमत तेवढी कमी करून घ्या.

फ्रीसलंडची_वहिनी
गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, चिखल खोल असेल तर फळी बरोबर न्या, आणि एकट्याने जाऊ नका. पाणी परत कधी येणार ती वेळ आधी बघून ठेवा.